विस्टार उंदरांच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेत भूल अधिक सुरक्षित कशी करावी?

प्रश्न : औषधशास्त्र_विद्यार्थिनी

सर्वांना सादर नमस्कार. मी औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. मज्जारज्जूला इजा झाल्यानंतर एका वनस्पतिजन्य घटकामुळे मागच्या पायांची हालचाल कितपत परत येते, हे मला तपासायचे आहे. त्यासाठी २२० ते २५० ग्रॅम वजनाच्या विस्टार माद्यांमध्ये छातीच्या दहाव्या मणक्याची लॅमिनेक्टमी (मणक्याची मागची कमान काढणे) करून, उघड्या झालेल्या मज्जारज्जूवर १० ग्रॅम वजनाची दांडी २५ मिलिमीटर उंचीवरून सोडली जाते.

भुलीसाठी आम्ही किटामाइन ८० मिलिग्रॅम प्रति किलो आणि झायलाझिन १० मिलिग्रॅम प्रति किलो एकाच सिरिंजमधून पोटाच्या पोकळीत देतो. आदल्या रात्री खाणे काढून घेतो. शस्त्रक्रियेच्या आधी जेंटामायसिन हे प्रतिजैविक देतो. वेदनाशामक दिल्यास निष्कर्षांवर परिणाम होईल असे मार्गदर्शकांचे मत असल्यामुळे ते दिले जात नाही. ऑक्सिजनची सोय नाही.

आतापर्यंत नऊ माद्यांवर शस्त्रक्रिया झाली. त्यांपैकी दोघींना पंधरा मिनिटे उलटूनही पुरेशी भूल चढली नाही, म्हणून दोन्ही औषधांचा अर्धा डोस पुन्हा द्यावा लागला. एक मादी साधारण चाळिसाव्या मिनिटाला श्वास मंदावत जाऊन टेबलावरच दगावली. दुसरी शुद्धीवर येत आहे असे वाटून आम्ही तिला पिंजऱ्यात ठेवले आणि सकाळी ती मृतावस्थेत आढळली. तिला ठेवताना तिचे पोट माझ्या तळव्याला गार लागले होते. ते मला तेव्हाच खटकले होते, पण टेबलावरचा दिवा जवळ ओढण्यापलीकडे मी काही केले नाही, आणि ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

एकाच डोसवर काहींना भूल चढत नाही आणि काही दगावतात, याचा अर्थ मला लागत नाही. आयसोफ्लुरेनकडे (श्वासावाटे द्यायच्या भुलीकडे) वळावे काय, आणि वळल्यास आधीच्या नऊ माद्यांच्या निष्कर्षांचे काय करावे, याबाबत कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : प्राणीगृह_पशुवैद्यक

आपण तपशील मोकळेपणाने लिहिलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आधी मला एक विचारायचे आहे. सिरिंजमध्ये आपण कोणते औषध आधी ओढता?

हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण आपल्या कोड्याचे उत्तर बहुधा त्यातच आहे. २३० ग्रॅमच्या मादीला १० मिलिग्रॅमच्या हिशेबाने २.३ मिलिग्रॅम झायलाझिन लागते, म्हणजे २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या बाटलीतून जेमतेम ०.११५ मिलिलिटर. सुई वेगळी लावावी लागते अशा साध्या सिरिंजच्या टोकात आणि सुईच्या बुडाशी ०.०५ ते ०.१ मिलिलिटर औषध अडकून राहते, आणि सिरिंजवरच्या रेघांत ते मोजले जात नाही. आपण झायलाझिन ०.११५ च्या रेघेपर्यंत ओढून मग त्याच सिरिंजमध्ये किटामाइन ओढले, तर टोकातले ते न मोजलेले झायलाझिन आत येऊन मिसळते. अडकणारी मात्रा ०.०७ धरून हिशेब केला तर प्राण्याला झायलाझिन ठरल्यापेक्षा ४० टक्के जास्त आणि किटामाइन दहा-बारा टक्के कमी मिळते. झायलाझिनमुळे हृदयाची गती आणि रक्तदाब उतरतो, शरीर थंड पडते, तर किटामाइन कमी पडल्यामुळे भूल उथळ राहते, म्हणजे आपल्या दोन्ही तक्रारी एकाच चुकीतून उद्भवू शकतात.

उपाय साधा आहे. दोन्ही औषधांचे मिश्रण निर्जंतुक कुपीत आधीच तयार करावे. किटामाइन ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असल्यास त्याचे ८ मिलिलिटर, झायलाझिन २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असल्यास त्याचे १.२५ मिलिलिटर, आणि उरलेले ०.७५ मिलिलिटर सलाईन घालून एकूण १० मिलिलिटर करावे. हे मिश्रण दर १०० ग्रॅम वजनाला ०.२ मिलिलिटर दिले की किटामाइन ८० आणि झायलाझिन ५ मिलिग्रॅम प्रति किलो बसते. झायलाझिन मी मुद्दाम निम्मे केले आहे, कारण ऑक्सिजन नसताना १० हा डोस मला माद्यांसाठी जड वाटतो. आपल्या बाटल्यांवरची तीव्रता वेगळी असल्यास हिशेब पुन्हा करावा. किटामाइन अनुसूची एक्समध्ये (कडक नोंदी ठेवाव्या लागणाऱ्या औषधांच्या यादीत) येते, तेव्हा मिश्रणाची कुपीही नोंदवहीत चढवण्यास विसरू नये.

भूल न चढण्याचे दुसरे नेहमीचे कारण म्हणजे सुई मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत (सीकममध्ये), चरबीत किंवा मूत्राशयात जाणे. उंदराची ही पिशवी मोठी असते आणि बहुधा डावीकडे असते. म्हणून डोके किंचित खाली करून पोटाच्या उजव्या खालच्या भागात सुई घालावी आणि औषध सोडण्यापूर्वी दट्ट्या थोडा मागे ओढून हिरवट किंवा पिवळसर द्रव येत नाही ना, हे पाहावे. पुन्हा डोस द्यावा लागलाच, तर फक्त किटामाइनचा एक तृतीयांश द्यावा. झायलाझिन दुसऱ्यांदा कधीही देऊ नये. दोन्हींचा अर्धा डोस पुन्हा देणे ही आपल्या पद्धतीतली सर्वांत धोक्याची पायरी आहे.

रात्रभर उपाशी ठेवण्याची गरज नाही. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे माणसासारखी ती भीती नसते. उलट एवढ्याशा जिवाची साखर रात्रभरात उतरते. जेंटामायसिनसुद्धा भुलीच्या वेळी टाळावे, कारण त्याने स्नायूंचा जोर कमी होतो आणि मंदावलेला श्वास आणखी मंदावू शकतो.

आता गार पोटाविषयी. उबेची सोय नसेल तर या भुलीखाली उंदराचे तापमान तासाभरात काही अंशांनी उतरते. केस काढलेली ओली पाठ आणि त्यावरचे स्पिरिट ते आणखी उतरवतात. भुलीचे इंजेक्शन दिल्या क्षणापासून प्राणी उबदार पृष्ठभागावर असावा, गुदद्वारातल्या प्रोबने तापमान मोजत राहावे आणि ते ३७ अंशांच्या आसपास राखावे. दिव्यावर मात्र अजिबात विसंबू नये. मज्जारज्जूला इजा झालेल्या प्राण्याला मागच्या अर्ध्या शरीराची संवेदना नसते, त्यामुळे भाजले तरी तो बाजूला सरकत नाही. पिंजऱ्याचा अर्धाच भाग उबदार ठेवावा आणि प्राणी चालेपर्यंत भुशाऐवजी कागद अंथरावा, कारण भुशाचे कण नाकातोंडात जातात.

उत्तर : मज्जारज्जू_संशोधक

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी कित्येक वर्षे याच प्रकारच्या शस्त्रक्रिया करीत आलो आहे, म्हणून भुलीचा आपल्या निष्कर्षांशी काय संबंध आहे तेवढेच लिहितो.

मज्जारज्जूला मार बसल्यानंतर त्या जागी ग्लुटामेट हे चेतापेशींमधले संदेशवाहक रसायन मोठ्या प्रमाणावर सांडते आणि पेशींवरील एनएमडीए ग्राहकांवाटे ते आजूबाजूच्या पेशींना मारते. किटामाइन नेमका हाच ग्राहक अडवते. म्हणजे आपला वनस्पतिजन्य घटक ज्या हानीपासून वाचवतो असे आपल्याला दाखवायचे आहे, तिच्यातला काही भाग आपली भूल आधीच वाचवत असण्याची शक्यता आहे. शरीर थंड पडणे हेसुद्धा मज्जारज्जूचे रक्षण करते. ३२ ते ३४ अंशांपर्यंत मुद्दाम थंडावा देऊन उपचार करण्याचे प्रयोग प्राण्यांवर आणि माणसांवरही झाले आहेत. आपली एक मादी ३७ अंशांवर आणि दुसरी ३३ अंशांवर असताना दांडी पडली असेल, तर त्या दोघींना झालेली इजा एकसारखी आहे असे म्हणताच येणार नाही. रक्तदाबाचेही तसेच आहे. इजा झालेला मज्जारज्जू स्वतःचा रक्तपुरवठा सांभाळू शकत नाही, तो सर्वस्वी शरीराच्या रक्तदाबावर अवलंबून राहतो, आणि अतिखोल भुलीत तो दाब कोसळतो.

आयसोफ्लुरेनही पूर्णपणे तटस्थ नाही, त्याच्याही संरक्षक परिणामांविषयी लिहिले गेले आहे. पण त्याची खोली मिनिटागणिक बदलता येते आणि प्राणी लवकर शुद्धीवर येतो, म्हणून मला ते बरे वाटते. सुरुवात ४ टक्क्यांनी आणि पुढे १.५ ते २ टक्के, ऑक्सिजन मिनिटाला अर्धा ते एक लिटर, असे मी ठेवतो. केवळ लॅमिनेक्टमी केलेल्या, दांडी न सोडलेल्या तुलनेच्या (शॅम) गटाला तीच भूल, तेवढाच वेळ आणि तेच तापमान मिळाले पाहिजे.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांकडून हमखास सुटते. भूल पुरेशी आहे की नाही हे आपण मागच्या पंजाला चिमटा काढून पाहत असाल. दांडी पडण्यापूर्वी ते ठीक आहे. पण दांडी पडल्यानंतर इजेच्या खालचा भाग मेंदूपासून तुटलेला असतो, तेव्हा पाय ओढला गेला नाही म्हणजे भूल खोल आहे असे होत नाही, आणि पाय ओढला गेला तरी ती केवळ मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. टाके घालताना पुढच्या पंजाला किंवा कानाला चिमटा काढावा. मिशा थरथरणे आणि श्वास अचानक वाढणे या खुणांकडेही लक्ष असू द्यावे. मागचा पंजा गप्प आहे म्हणून भूल उतरवत नेणे आणि प्राण्याला स्नायू शिवले जात असताना जाणीव होणे, यासारखी वाईट गोष्ट नाही.

आधीच्या नऊ माद्या नव्या गटांत मिसळू नका. त्यांची नोंद प्राथमिक चाचणी म्हणून प्रबंधात ठेवा, दोघी कशा दगावल्या तेही लिहा.

उत्तर : भूलतज्ज्ञ_काका

मी माणसांना भूल देणारा डॉक्टर आहे. आमच्या महाविद्यालयाच्या प्राणीगृहात विद्यार्थ्यांना मदत करण्याचा योग अनेकदा आला, म्हणून थोडे लिहितो.

मणक्याच्या शस्त्रक्रियेत प्राणी पालथा असतो. २३० ग्रॅमचा उंदीर एका श्वासात दीड ते दोन मिलिलिटर हवा आत घेतो. एकदा एका विद्यार्थ्याच्या टेबलापाशी उभा असताना माझ्या लक्षात आले की तो उजव्या हाताने फार नाजूकपणे मणक्याची कमान कुरतडत होता आणि त्याच्या डाव्या मनगटाचा सगळा भार उंदराच्या बरगड्यांवर होता. मी त्याचे मनगट उचलले, आणि पुढच्या दोन-तीन श्वासांतच गुलाबी रंग कानांत परतताना आम्हा दोघांना दिसला. आपली मादी चाळिसाव्या मिनिटाला दगावली, तेव्हा आपला हात कोठे टेकलेला होता, हे आठवून पाहा. खांद्याखाली आणि ओटीपोटाखाली गॉजच्या लहान गुंडाळ्या ठेवल्या की छाती आणि पोट दोन्ही हलायला मोकळी राहतात.

ऑक्सिजन इंजेक्शनच्या भुलीतही हवाच. व्हेपोरायझर (आयसोफ्लुरेनची वाफ मोजून देणारे यंत्र) मिळेपर्यंत सिलिंडर किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि १० मिलिलिटरच्या सिरिंजच्या नळीपासून केलेला नोज कोन एवढ्यावर काम भागते. कोनाच्या तोंडाला रबरी हातमोज्याचा तुकडा ताणून बसवावा आणि त्याला नाक जाईल एवढेच छिद्र पाडावे. जुना व्हेपोरायझर वापरणार असाल तर त्याची तपासणी करून घेतल्याशिवाय हात लावू नका, कारण तबकडीवरचे दोन टक्के प्रत्यक्षात दोनच असतील याची खात्री नसते. बाहेर पडणारा वायू खोलीत सोडू नये. सक्रिय कोळशाचा डबा लावावा आणि त्याचे वजन ५० ग्रॅमने वाढले की तो बदलावा.

दर पाच मिनिटांनी श्वास मोजून कागदावर लिहा, आणि त्या कामासाठी शस्त्रक्रियेत हात नसलेली एक व्यक्ती नेमा. जागेपणी उंदराचे श्वास मिनिटाला ७० ते ११० असतात. ते निम्म्यावर आले की हातातले काम थांबवा. पंजावरचा ऑक्सिमीटर झायलाझिनखाली कित्येकदा आकडा दाखवत नाही, कारण त्या औषधाने पंजाच्या रक्तवाहिन्या आकसतात. आकडा नाही म्हणून यंत्र बिघडले असे समजू नका आणि सगळे ठीक आहे असेही समजू नका.

वेदनाशामकाबाबत मार्गदर्शकांचे म्हणणे मला मान्य नाही, हे नम्रपणे पण स्पष्ट सांगतो. दुखणारा प्राणी खात नाही, त्याचे वजन उतरते, ताणाची संप्रेरके वाढतात, आणि या सर्वांचा निष्कर्षांवर परिणाम होतोच. दाहावर काम करणारी मेलॉक्सिकॅमसारखी औषधे आपल्या विषयात अडचण करतील हे मी समजू शकतो. ती टाळा. पण चीर देण्यापूर्वी त्वचेखाली आणि मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंत ब्युपिव्हाकेन ही जागा बधिर करणारी भूल देण्यास काय हरकत आहे? ०.२५ टक्क्यांचे ०.१८ मिलिलिटर म्हणजे २३० ग्रॅम वजनाला २ मिलिग्रॅम प्रति किलोच्या आत बसते. फक्त कमान काढल्यानंतर ते उघड्या मज्जारज्जूवर पडू देऊ नये. त्यानंतर ब्युप्रेनॉर्फिन हे अफूवर्गीय वेदनाशामक आहेच.

उत्तर : प्राणीगृह_पशुवैद्यक

डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्याला एक पुरवणी जोडतो. किटामाइन-झायलाझिनच्या आधी ब्युप्रेनॉर्फिन दिल्यास दोहोंचा मिळून श्वासावर जास्तच भार पडतो. त्यामुळे त्या भुलीत ते शस्त्रक्रिया संपून श्वास सुधारल्यावर द्यावे. आयसोफ्लुरेन असेल तर अर्धा तास आधी द्यावे, त्याने आयसोफ्लुरेनही कमी लागते. ०.३ मिलिग्रॅमच्या एका मिलिलिटरमध्ये नऊ मिलिलिटर सलाईन घातले की दर १०० ग्रॅमला ०.१ मिलिलिटर त्वचेखाली, म्हणजे ०.०३ मिलिग्रॅम प्रति किलो होते. पहिले दोन ते तीन दिवस दर आठ तासांनी द्यावे.

वेदना ओळखण्यासाठी चेहरा पाहण्यास शिका. डोळे मिटत आलेले, नाक-गाल सपाट झालेले, कान आत मुडपून टोकदार झालेले, मिशा ताठ, अशा चार खुणांवर गुण देण्याची पद्धत २०११ पासून रूढ आहे. डोळ्यांभोवती किंवा नाकाशी लाल दिसले तर ते बहुधा रक्त नसते. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारे ते पॉर्फिरिन असते आणि प्राणी ताणाखाली असल्याचे दाखवते.

भूल, वेदनाशामक, प्रतिजैविक यांपैकी काहीही बदलायचे असल्यास संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे दुरुस्ती सादर करून मंजुरी आल्यावरच काम सुरू करावे.

पुढील नोंद : औषधशास्त्र_विद्यार्थिनी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. समितीची मंजुरी येण्यास वेळ लागला, म्हणून उशिरा लिहीत आहे.

आम्ही झायलाझिनच आधी ओढत होतो. पशुवैद्यक सरांचे उत्तर वाचल्यावर मी त्याच बनावटीची सिरिंज आणि सुई वजनकाट्यावर कोरडी तोलली, मग पाणी ओढून दट्ट्या शेवटपर्यंत दाबला आणि पुन्हा तोलली. आत ०.०८ ग्रॅम पाणी उरले होते. माझ्या मार्गदर्शकांना तो आकडा दाखवला तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे कुपीच्या मिश्रणाला होकार दिला, आणि वेदनाशामकाबाबतची चर्चाही त्यानंतर सोपी झाली. चाळिसाव्या मिनिटाला माझा हात कोठे होता, हे मला आठवत नाही. पण त्या दिवशी मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रात माझे मनगट छातीवर टेकलेले स्पष्ट दिसते.

व्हेपोरायझर अद्याप तपासणीतून आलेला नाही, त्यामुळे सध्या निम्मे झायलाझिन, कॉन्सन्ट्रेटरचा ऑक्सिजन, प्रोब जोडलेले हीटिंग पॅड, ब्युपिव्हाकेन आणि शेवटी ब्युप्रेनॉर्फिन, अशी पद्धत ठेवली आहे. सहा माद्या झाल्या. सहाही जगल्या. दांडी पडतानाचे तापमान प्रत्येकीच्या नोंदपत्रकावर लिहिले आहे आणि ते ३६.८ ते ३७.४ यांच्या दरम्यान आहे. कनिष्ठ सहकारी श्वास मोजण्याचे काम करते.

एक नवी अडचण आली आहे. दोन माद्या कागद आणि भुसा खात आहेत, एकीच्या लेंड्या बंद झाल्या आहेत. हे कशामुळे?

उत्तर : प्राणीगृह_पशुवैद्यक

सहाही जगल्या हे वाचून फार बरे वाटले.

कागद-भुसा खाणे हा ब्युप्रेनॉर्फिनचा उंदरांमधला ओळखीचा दुष्परिणाम आहे. उलटी करता येत नसल्यामुळे मळमळणारा उंदीर न खाण्याजोग्या वस्तू चावून गिळतो. भुसा आजच काढून टाका, जाड सुती टॉवेल अंथरा, डोस ०.०३ वरून ०.०२ वर आणा आणि मळमळ थांबते का ते दोन फेऱ्या पाहा. ज्या मादीच्या लेंड्या बंद आहेत तिचे पोट हलक्या हाताने चाचपून पाहा. ते फुगलेले आणि घट्ट लागले, तर उद्याची वाट न पाहता आपल्या प्राणीगृहाच्या पशुवैद्यकांना दाखवा. कोमट सलाईन दर १०० ग्रॅमला १ मिलिलिटर त्वचेखाली द्या आणि खाणे भिजवून पिंजऱ्याच्या तळाशी ठेवा, कारण मागचे पाय उचलत नसताना वरच्या जाळीपर्यंत तिचे तोंड पोहोचत नाही.

मूत्राशय दिवसातून किती वेळा रिकामे करता, हे आपण लिहिलेले नाही. सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन वेळा करावे. रात्रीची वेळ चुकवू नये. आपली दुसरी मादी ज्या रात्री गेली, त्या रात्री तिचे मूत्राशय कोणी दाबून पाहिले होते काय, ते नोंदवहीत तपासून कळवावे.